जादूगाराचा जमाखर्च: गेममधली जादू तर्काला धरून कशी रचायची

‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, पात्रांची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या १९७८ च्या नियमपुस्तकात आगीच्या गोळ्याचा एक मंत्र आहे. तो टाकला की आग साधारण ३३,००० घनफूट जागा व्यापते. मोकळ्यावर त्याचा २० फूट त्रिज्येचा गोल होतो. पण हाच मंत्र दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात टाकला तर? आगीला बाजूला पसरायला जागाच नाही, मग ती लांबीत पळणार. ३३,००० भागिले १००, म्हणजे ३३० फूट. पुढे १६५ आणि मागे १६५. समोरचा राक्षस भाजतो आणि त्याच्याबरोबर मंत्र टाकणाराही, शिवाय त्याच्या मागे दबा धरून बसलेली सगळी टोळी.

याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत मैदान असो की भुयार, आग २० फुटांच्या गोलातच राहते. डाव भरभर पुढे सरकतो, कुणाला भागाकार करावा लागत नाही. तरी मला जुना नियम जास्त आवडतो. तो असला की खेळाडू भुयारात शिरण्याआधी छताची उंची विचारतो. जादू आणि दगडी भिंत एकाच जगातल्या आहेत, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

गेमसाठी जादू रचायला बसलेला नवा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. सात प्राचीन देवता, हरवलेला मणी, चार घराण्यांची वंशावळ अशी वीस पानं आधी लिहून काढतो. खेळाडू त्यातलं एक पानही वाचत नाही. त्याला एवढंच हवं असतं: मला काय करता येतं, त्याचे किती मोजावे लागतात, आणि कुठे ते चालत नाही. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच राहून जातो.

कादंबरीत हे चालून जातं. नायकाने मंत्र कधी टाकायचा हे लेखकाच्या हातात असतं. गेममध्ये ते खेळाडूच्या हातात आहे. तो मंत्र राक्षसावर टाकेल, मग दारावर, मग गाईवर, मग स्वतःच्या मित्रावर, आणि फायदा दिसला तर तोच मंत्र शंभर वेळा. म्हणून गेममधल्या जादूला फक्त सुंदर असून भागत नाही. हिशेबाला बसावं लागतं.

हा हिशेब बसवायच्या काही रीती रुळलेल्या आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला, त्यात जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधून घेतलेली कल्पना होती: मंत्र आधी पाठ करायचा, आणि एकदा उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. म्हणजे जादू ही भात्यातल्या बाणांसारखी मोजकी. व्हिडिओ गेममध्ये त्याजागी बहुधा मॅनाची, म्हणजे जादूच्या शिल्लक शक्तीची, निळी पट्टी असते. वापरली की उतरते, थांबलं की भरते. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’ या टेबलावरच्या खेळात पाच क्रियापदं आणि दहा नामं आहेत. ‘निर्माण कर’ला ‘आग’ जोडा, ‘नष्ट कर’ला ‘पाणी’ जोडा, अशा पन्नास जोड्या होतात आणि खेळाडू मंत्र जागच्या जागी घडवतो.

पण मर्यादेतून गोष्ट कशी निघते हे बघायला आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. कर्णाची वासवी शक्ती घ्या. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने दिलेलं हे अस्त्र एकदाच चालतं, आणि ज्याच्यावर टाकाल तो मेलाच. कर्ण ते अर्जुनासाठी राखून ठेवतो. मग रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसेना तुडवायला लागतो, सगळे कर्णाला ‘टाक, टाक’ म्हणतात आणि तो ते टाकतो. घटोत्कच पडतो, पांडव शोक करतात, पण कृष्णाला आनंद होतो. एकाच नियमाने, ‘एकदाच’ या अटीने, इथे सगळं काम केलंय. शक्ती किती विध्वंसक होती याने काही फरक पडला नसता. अश्वत्थाम्याचंही तसंच: ब्रह्मास्त्र सोडायचं कसं हे त्याला येतं, मागे घ्यायचं कसं हे येत नाही. अर्जुनाला दोन्ही येतं. एकाच अस्त्राचे दोन वापरकर्ते आणि त्यांच्यातला सगळा फरक तेवढाच.

आता एक पद्धत प्रत्यक्ष रचून पाहू. कल्पना साधी घेऊ, कारण गुंतागुंत नंतर आपोआप येते.

पहिला नियम: जादूगार उष्णता निर्माण करत नाही, फक्त हलवतो. दुसरा नियम: त्यासाठी दोन्ही हात लागतात. एक हात जिथे लावला तिथली उष्णता निघते, दुसरा हात जिथे आहे तिथे ती जाते. वेग सेकंदाला १० किलोकॅलरी धरू.

आकडे शाळेच्या विज्ञानातलेच आहेत. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायचं तर ७० किलोकॅलरी लागतात, म्हणजे सात सेकंद. उलट, ३० अंशांचं एक लिटर पाणी शून्यावर आणून पुरतं गोठवलं, तर त्यातून ११० किलोकॅलरी निघतात: ३० थंड होताना आणि ८० अप्रकट उष्म्याच्या. नदीत एक हात आणि शत्रूच्या बोटीवर दुसरा हात ठेवून जादूगार ती पेटवू शकतो. छान दिसतंय. पोस्टर छापायला हरकत नाही.

पण त्याआधी त्या जगातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या डोक्याने विचार करा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे आणि सगळ्यात कमी लोक ती चढतात. या जादूतून कुणाला पैसा मिळेल? सेकंदाला १० किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ ४२ किलोवॅट. बॉयलरला एक हात लावून दुसरा समुद्रात सोडून बसलेला जादूगार फुकटात वाफ तयार करतोय. वाफेचं इंजिन अगदीच भिकार असलं, शंभरातली पाचच वापरून बाकी वाया घालवणारं, तरी पावणेतीन अश्वशक्ती हातात येते. चारा नाही, कोळसा नाही. पाळ्या लावल्या की इंजिन रात्रंदिवस चालू. दहा वर्षांत त्या जगात आगगाड्या धावतील, आणि तुम्हाला तर किल्ले आणि तलवारी हव्या होत्या.

म्हणून तिसरा नियम: उष्णतेचे दहा भाग हलवले की एक भाग जादूगाराच्या स्वतःच्या अंगातून उडून जातो.

या एका ओळीने किती गोष्टी जागेवर येतात ते बघा. साठ किलोच्या माणसाचं तापमान एका अंशाने उतरवायला साधारण ५० किलोकॅलरी काढाव्या लागतात. सदतीसवरून पस्तीसवर येणं म्हणजे १००. पस्तीसच्या खाली शरीर खरोखरच संकटात सापडतं. खेळापुरता आपण नियम करू की तिथे शुद्ध हरपते. अंगातल्या १०० घालवून जादूगार बाहेरच्या १,००० हलवू शकतो. शंभर सेकंदांचं काम, मग थांबायचं, पांघरूण घ्यायचं, काहीतरी गरम प्यायचं. मॅनाची वेगळी पट्टी नको, त्याचं अंग हीच पट्टी.

बरं, १,००० किलोकॅलरी म्हणजे किती? पाव किलो सुकं लाकूड जाळलं की साधारण एवढीच उष्णता मिळते.

इथे पोस्टरवरचा अग्निजादूगार निकालात निघाला. ज्याच्याकडे काडेपेटी आणि सरपणाची मोळी आहे, तो याला पगार कशाला देईल? मग या जगात जादूगाराचं पोट कशावर चालतं? लाकूड जाळून जे कधीच होत नाही, त्यावर: गारवा. १,००० भागिले ११०, म्हणजे एका दमात नऊ किलो बर्फ. उन्हाळ्यात, समुद्रकाठी, जिथे दुपारपर्यंत मासळीला वास सुटतो, तिथे नऊ किलो बर्फाची किंमत काय होईल विचारा. या जगातले सगळ्यात श्रीमंत जादूगार मासळी बाजारात बसतात. राजदरबारात ज्यांना नोकरी मिळते ते बहुधा बर्फाच्या धंद्यात न टिकलेले. हे मी ठरवलं नाही, भागाकारातून निघालं. म्हणून मला असं वाटतं की जगाचा इतिहास लिहिण्याआधी कॅल्क्युलेटर उघडावा.

आणखीही बरंच निघतं. नव्वद किलोच्या माणसाच्या अंगात दीडपट साठा मावतो. शिवाय स्नायूंमध्ये पाणी जास्त असल्यामुळे तितक्याच वजनाच्या चरबीपेक्षा ते जास्त उष्णता धरतात. म्हणजे पांढऱ्या दाढीचा काटकुळा म्हातारा इथे दुबळा जादूगार ठरतो. खरा ताकदवान तो तालमीतला गडी. लढाईचंही तेच. उष्णता काढायला स्पर्श लागतो, आणि सेकंदाला दहाच्या वेगाने शत्रूच्या अंगातून शंभर काढायला त्याला दहा सेकंद धरून ठेवावं लागतं, तेही एकाच हाताने, कारण दुसरा जमिनीला टेकलेला हवा. ही सरळ सरळ कुस्ती झाली. लढाईआधी गरम पाण्यात बसून अंग एकोणचाळीसवर नेलं की साठा दुप्पट, म्हणून छावणीत सगळ्यात आधी हमामखाना उभा राहतो. शत्रूचे हेर पाऊस कधी येणार याची चौकशी करत फिरतात. आणि या जगात कुणी कुणाशी हस्तांदोलन करत नाही. समोरच्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय हात कोण देईल? लोक दोन्ही हात एकमेकांना जोडून नमस्कार करतात, म्हणजे तळवे एकमेकांतच अडकलेले दिसतात. कैद्याचे हातही तसेच बांधतात.

नियम तीन, वाक्यं मोजून चार-पाच. बाकी सगळं खेळाडू स्वतः काढू शकतो, आणि ते त्याने स्वतः काढलं की त्याला जो आनंद होतो, तो वंशावळीची वीस पानं वाचून होत नाही.

आता भोक शोधायचं. प्रत्येक पद्धतीत ते असतंच, आणि खेळाडू पहिल्या तासात तिथे पोचतो. २००२ च्या ‘मॉरोविंड’ या व्हिडिओ गेममधलं भोक प्रसिद्ध आहे. तिथे बुद्धी जास्त असली की काढा जास्त प्रभावी बनतो. आणि एक काढा बुद्धी वाढवणाराही आहे. मग काय, तो प्यायचा, वाढलेल्या बुद्धीने त्याहून जालीम काढा बनवायचा, तो प्यायचा. थोड्या वेळात आकडे लाखांच्या पलीकडे जातात आणि पुढचा कुठलाही शत्रू म्हणजे चिलट. दोन्ही नियम सुटे सुटे तपासले तर निर्दोष आहेत. गडबड त्यांच्या वर्तुळात आहे. म्हणून तपासताना एकच गोष्ट शोधायची: या जादूतून मिळणारी वस्तू पुन्हा हीच जादू वाढवायला वापरता येते का?

आपल्या पद्धतीत येते. जादूगार एक हात समुद्रात घालतो आणि दुसरा स्वतःच्या छातीवर ठेवतो. दहा आत आले, एक उडाला, नऊचा नफा. थंडी वाजेपर्यंत काम करायचं, मग अर्ध्या मिनिटात समुद्रातून अंग भरून घ्यायचं. तिसरा नियम कोलमडला, आगगाड्या परत आल्या.

पहिला मोह होतो बंदी घालायचा: स्वतःला उष्णता देता येत नाही. मग खेळाडू दोन जादूगार आणतो. हा त्याला देतो, तो याला. बरं, दुसऱ्या जादूगारालाही देता येत नाही. मग तो रेडा आणतो, रेड्याला तापवतो आणि रेड्याला मिठी मारून बसतो. हिरण्यकशिपूने वर मागितला तो असाच यादी करून: दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. प्रत्येक कलमाला एक फट राहिली आणि नरसिंह नेमका त्या सगळ्या फटींतून आला. बंदीची यादी जितकी लांब, तितक्या फटी जास्त. त्यापेक्षा एक सर्वसाधारण नियम बरा: जिवंत शरीरातून उष्णता काढता येते, जिवंत शरीरात ओतता येत नाही. रेड्यासकट सगळे आत आले.

तरीही एक वाट उरते. हौद समुद्राच्या उष्णतेवर तापवायचा आणि त्यात बसायचं. शंभर लिटर पाणी तीसवरून चाळीसवर न्यायला बरोबर १,००० किलोकॅलरी लागतात. तो तापवणारा गारठून पडतो, पण पाणी चाळीसवरून सदतीसवर उतरेपर्यंत ३०० किलोकॅलरी देतं, म्हणजे तीन गारठलेले जादूगार त्यात बसून सावरतील. नफा आहे. ही फट मी मुद्दाम उघडी ठेवीन. पाव किलो लाकडावर पाणी तापवूनही तेच होतं, त्यामुळे या युक्तीने जगात नवं काही येत नाही, आणि हौदात बसायला वेळ लागतो. लढाईत तेवढा वेळ कुणाकडे नसतो. एखाद्या हुशार खेळाडूला ती सापडली तर त्याला तेवढं बक्षीस मिळावं.

व्हिडिओ गेम करणाऱ्यांसाठी याच विचाराचं उत्तम उदाहरण निन्टेन्डोच्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चं आहे. त्याच वर्षी एका परिषदेत निर्मात्यांनी त्यामागची रचना उलगडून सांगितली. आग, पाणी, वीज, वारा ही तत्त्वं, आणि लाकूड, धातू, गवत हे पदार्थ. नियम तीनच: तत्त्व पदार्थाची अवस्था बदलू शकतं, तत्त्व दुसऱ्या तत्त्वाची अवस्था बदलू शकतं, पदार्थ पदार्थाची बदलू शकत नाही. पाऊस आला की मशाल विझते. वादळात पाठीवर लोखंडी तलवार असली की वीज तुमच्यावरच पडते, आणि ती तलवार वेळेवर शत्रूजवळ फेकली तर शत्रूवर. यातली प्रत्येक गंमत वेगळी लिहायला बसले असते तर वर्षं गेली असती.

टेबलावर खेळायचं असेल तर किलोकॅलरी हा शब्द खेळाडूंसमोर काढूच नका. तो तुमच्या वहीत राहू द्या. दहा किलोकॅलरी म्हणजे एक ‘चटका’ असं माप करा. लिटरभर पाणी उकळायला सात चटके, तेवढंच गोठवायला अकरा. सहा सेकंदांची फेरी धरली तर एका फेरीत सहा चटके हलतात. खेळाडूच्या कागदावर दहा चौकटी काढा. दर दहा चटक्यांना एक चौकट खोडायची. सहावी चौकट गेली की हात थरथरतात आणि बारीक काम, म्हणजे कुलूप उघडणं वगैरे, जमत नाही. आठवी गेली की जीभ जड होते. दहावी गेली की आडवा. गरम आंघोळ करून आलेल्याला वर दहा जादा चौकटी. एवढ्यावर संध्याकाळभर खेळ होतो.

पहिल्याच खेळात कुणीतरी विचारणार: तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता काढता येते का? नियमाप्रमाणे येते. साठ किलोच्या रुग्णाला चाळीसवरून अडतीसवर आणायला दहा चटके, जादूगाराची जेमतेम एक चौकट. मग त्या जगातला प्रत्येक वैद्य जादूगार हाताशी ठेवणार, आणि दुसरा हात भांड्याला लावून रुग्णाच्या तापावर त्याचाच काढा उकळणार. पण ताप हा शरीराने स्वतः चढवलेला असतो. उष्णता बाहेरून ओढून घेतली म्हणून शरीर गप्प बसत नाही. हुडहुडी भरते आणि ताप पुन्हा चढतो. म्हणजे अन्नपाणी मिळत राहिलं तर तापाचा रुग्ण ही दिवसरात्र धगधगणारी शेगडीच झाली. एखाद्या आडगावच्या वैद्याच्या हे लक्षात आलं, त्याच्या दवाखान्यातून कुणी बरं होऊन बाहेर पडेनासं झालं, आणि भर थंडीत त्याच्या हमामखान्याला मात्र सरपण लागेनासं झालं, तर गावकरी शेवटी खेळाडूंचं दार ठोठावतील. पहिल्या मोहिमेला एवढं पुरे.